पाटीवरचे दोन तास दहा मिनिटं

...आणि वर ती पर्यटन कचेरीतली पोरगी मला विचारते, "काका, १९८६ साली तुम्ही खरंच चालत गेला होतात ना?" आता बोला! चालत नाही तर काय उडत गेलो? ती कापडी पंख बांधून कड्यावरून उड्या टाकणारी मंडळी तेव्हा आमच्या गावात आलीही नव्हती... बसा, बसा तुम्ही, त्या ओंडक्यावर बसा, सरकून घ्या, मावाल सगळे. घाई काही नाही. थांबलेला वेळ धरत नाहीत. ते येईलच पुढे.

तर तुम्हाला सांगतो, सकाळी खाली पुलाजवळ ती पिवळी पाटी बघितलीत ना? 'काळं तळं, दोन तास दहा मिनिटं.' ती मी ठोकली. ह्या हातांनी. आणि वेळसुद्धा माझाच. गावच्या वाटांचं काम माझ्याकडे होतं, दगडांवर लाल-पांढरे पट्टे मारायचे, पडलेली झाडं बाजूला करायची, आणि पाटीवर वेळ लिहायचा तर आधी स्वतः चालून मोजायचा. आपल्याकडे एक वेळ पाद्रीबाबा चुकतील, पण पिवळी पाटी चुकायची नाही. माणूस पाटी बघून पाव किती घ्यायचा ते ठरवतो, घरची बाई बटाटे उकडायला कधी टाकायचे ते ठरवते... आणि अडतीस वर्षं मी त्या पुलाजवळच्या बाकावर बसून ऐकतोय, "अहो, आम्हाला तीन तास लागले!" मी म्हणायचो, लागणारच, तुम्ही चालत नाही, तुम्ही फिरता. आता मला सांगा, ह्यात माझं काय चुकलं?

पण मागच्या उन्हाळ्यात एक हॉलंडचा गृहस्थ आला. ज्याच्या देशात डोंगर औषधालासुद्धा सापडत नाही, त्याने आमच्या पर्यटन कचेरीला चार पानी पत्र लिहिलं. तीन तास बावीस मिनिटं लागली, बायको रडली, पाटीवर विश्वास ठेवून परतीची शेवटची बस चुकली. खाली सही, सोबत फोटो, बायकोचा, रडतानाचा! बायको रडतेय आणि हा फोटो काढतोय... मग वेळ लागणार नाही तर काय होणार? पण कचेरीत आहे अनिना. नवीन पोरगी, सपाटीवरच्या शहरातून आलेली, बोलायला गोड आणि कामाला कडक. तिने जुनी कपाटं उपसली आणि आणखी सोळा पत्रं काढली. सोळा! आणि गावसभेत उभी राहून म्हणते, "कास्पारकाकांबद्दल मला आदरच आहे, पण आपण तीन तास लिहू या."

आणि सगळ्यांच्या माना डोलल्या की हो! तो गिल्ली बेकरीवाला, जो दहा वर्षांत स्वतःच्या भट्टीच्या पायरीपेक्षा उंच चढलेला नाही, तोही म्हणतो, तीनच बरोबर, मला तर पहिल्यापासून वाटत होतं. माझं टाळकंच सरकलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला... उठलो आणि म्हणालो, डोंगर तोच आहे, वाट तीच आहे, अडतीस वर्षांत डोंगराला काही नवीन मजला चढलेला नाही. घड्याळ घ्या, माझ्याबरोबर चला, आणि दोन तास दहा मिनिटांत नाही पोचलो तर ती पाटी मी स्वतः उतरवीन! टाळ्या पडल्या. मी ऐटीत खाली बसलो आणि बसताना डावा गुडघा म्हणाला, कट्ट. वय बहात्तर. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

घरी आलो तर व्रेनी, म्हणजे आमची बायको, गाईच्या आचळांना लावायचं मलम माझ्या गुडघ्याला चोळत म्हणते, "लिहू दे ना तीन तास. कुणाचं काय जातंय?" कुणाचं काय जातंय! जगात दुसऱ्या कुणीही म्हणावं हो, पण हिने?... असो.

निघालो सकाळी नऊला. अनिनाच्या हातात बटण दाबायचं घड्याळ, गळ्यात वही. लाकडाच्या वखारीपर्यंत मी असा गेलो की पोरगी मागे पडली. मग लागलं लार्चच्या उंच झाडांचं रान आणि ती नागमोडी चढण. सातव्या वळणावर माझा भाता असा सुरू झाला की झाडावरची खार खाली बघायला लागली. थांबावं तर अब्रू जाते, न थांबावं तर जीव जातो. तेवढ्यात शेजारी कातळावरून पाणी ठिबकत होतं. मी काठी टेकली आणि म्हणालो, "अनिना, हा... नवरीचा धबधबा."

नियम काय आहे? पाटीवरचा वेळ म्हणजे चालण्याचा वेळ. तुम्ही थांबलात, पाणी प्यायलात, नाक शिंकरलंत, ते धरत नाहीत. अख्ख्या देशात हाच नियम. पोरीने लगेच घड्याळाचं बटण दाबलं, वही उघडली आणि विचारलं, "नवरीचा का?" मी म्हणालो, पूर्वी लग्नाआधी मुली इथे तोंड धुवायला यायच्या. कुणी सांगितलं? मलाच माहीत नाही! एवढ्याशा पाण्यात मांजराचं तोंड धुऊन व्हायचं नाही. पण श्वास परत येईपर्यंत त्या नवऱ्या मुलींची तीन पिढ्यांची नावं सांगितली मी तिला. मग म्हणालो, हं, दाब बटण. आणि निघालो. ह्यात माझं काय चुकलं? पाहुण्या मुलीला गाव दाखवू नये?

मग काय, चटकच लागली. दहा मिनिटं चाललो की एक प्रेक्षणीय स्थळ! मार्मोटची बिळं आली, थांबलो. तिथे खरंच मार्मोट आहेत, सशाएवढ्या जाड डोंगरी खारीच म्हणा, एक शिट्टी मारतो आणि सगळे आत जातात, त्यामुळे बाहेर येईपर्यंत बसावंच लागतं... पंधरा मिनिटं. मग बिशपचा दगड, ज्यावर म्हणे बिशपचं खेचर रुसून बसलं होतं. मग घसरगाड्यांचा उतार, जो खराच आहे, जानेवारीत अख्खं गाव तिथून लाकडी गाड्यांवर बसून खाली येतं, पण तेव्हा होता जुलै, म्हणून बर्फ कुठपर्यंत असतो ते मी काठीने सविस्तर दाखवलं. मग दोरावर लटकणाऱ्या पोरांचा कडा. पोरं वर चढली, खाली उतरली, सुकवलेलं मांस खाऊन पुन्हा वर चढली, आम्ही आपले बघतोय. एक बाई पाठीवर मूल बांधून आम्हाला ओलांडून गेली. मी म्हणालो, बघ अनिना, हल्लीचे लोक काही बघतच नाहीत. आणि पुढे आणखी दोन स्थळं काढली.

आणि मग आली ही जागा. जिथे तुम्ही बसलाय ती. जीव अगदी घशाशी आलेला, गुडघा वेगळ्या दिशेला, मी वेगळ्या. आणि इथे बघायला काय आहे? बघा चारी बाजूंना. काही नाही! दगड नाही, पाणी नाही, झाडाआड तळंही दिसत नाही. ती बटणावर बोट ठेवून वाट बघतेय. मी डोळे मिटले आणि बोट ओठांवर ठेवलं. बोलण्याइतका दमच नव्हता हो! वीस मिनिटं आम्ही तसेच बसलो. शेवटी पोरगी डोळे पुसत म्हणाली, "काका, अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही." आणि वहीत लिहिलं. आठवा थांबा, शांतता.

पुढे आणखी तीन स्थळं करत पोचलो तळ्यावर. तिने घड्याळ माझ्यापुढे धरलं. चालण्याचा वेळ, दोन तास नऊ मिनिटं चाळीस सेकंद! वीस सेकंद राखून! निघाल्यापासून पोचेपर्यंत किती? पाच तास. पण ते धरत नाहीत. पोरगी नियमाची पक्की, म्हणाली, पाटी बरोबर आहे, पाटी राहील. खाली आल्यावर गिल्लीने मला फुकट केक दिला, आणि गिल्ली म्हणजे पावाचा चुराही तोलून देणारा माणूस.

जिंकलो ना मी? जिंकलो. पण तिच्या वहीचं काय? त्या वहीत अकरा स्थळं! पुढच्या महिन्यात अकरा लाकडी फलक, रंगीत नकाशा, आणि 'दर बुधवारी कास्पारकाकांसोबत'. मला विचारलंही नाही. विचारलं, पण सगळ्यांसमोर विचारलं, आणि मी काय म्हणणार, की नको, धाप लागते? म्हणून दर बुधवारी तेवीस माणसं घेऊन मी चढतोय, ह्या गुडघ्याने, आणि सगळ्यात जास्त मागणी ह्या शांततेच्या थांब्याला. जिथे दर बुधवारी अर्धा तास मी बोलतोय. गप्प बसलो तर तुम्ही उठाल हो!

आता तुम्ही म्हणाल, काका, तीन तास लिहू दिले असते तर काय बिघडलं असतं? सांगतो. शहाऐंशी सालच्या जूनमध्ये इथे वर, तळ्याकाठच्या गोठ्यात, एक मुलगी उन्हाळाभर चीज करायला आली होती. व्रेनी. मी तिला गावच्या जत्रेत एकदा पाहिलं होतं. एकदाच. आणि वाट मोजायचं काम आलं तेव्हा मी निघालो तो... चाललो असेन, धावलो असेन, मला आठवत नाही. पाय जमिनीला लागत नव्हते एवढं आठवतं. ते दोन तास दहा मिनिटं म्हणजे काळ्या तळ्याचं अंतर नाही हो. ते माझं होतं. ते पुसून तीन तास कसे लिहू देऊ? उतरताना मला साडेतीन तास लागले होते. उतरताना!

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. व्रेनीलासुद्धा नाही. पण त्या दिवशी जिंकून घरी आलो, गरम पाण्याच्या टबात पाय सोडले, आणि ती मलम घेऊन आली तेव्हा सगळं सांगून टाकलं. म्हटलं, अडतीस वर्षं गावाच्या पुलावर तुझ्यासाठी धावलेला वेळ टांगलाय, आणि तू म्हणतेस कुणाचं काय जातंय? ती चोळायची थांबली. मला वाटलं, आता रडते. आमच्याकडे काही रडायचे फोटो काढत नाहीत, पण तयारी ठेवली मी.

मग म्हणाली, "हं. मी चीजची कढई सोडून हात पुसत दारात आले होते. तू धापा टाकत समोर उभा. आणि आधी मनगटावर घड्याळ बघितलंस."

आणि चोळायला लागली. जरा जोरातच.

आता मला सांगा, ह्यात माझं काय चुकलं?... नाही, नका सांगू. तेवीसच्या तेवीस तिच्याच बाजूचे दिसताय. चला, उठा.