पडद्याआडची थाई करी

दिल्लीहून शिकून परतले तेव्हा वाटलं होतं, नांदेडच्या नव्या हॉटेलात शाळेतली मैत्रीण सुनीता आधी मेनूकार्ड मागेल. तिनं आधी फॅमिली रूमचा पडदा ओढला.

मी तो सरकवला. “आपण काय चोरी करून राहिलो का?”

“लाव गं बाई! दीर बसलेत बाहेर. सासूबाईला कळलं तर पुन्हा सोडणार न्हाईत.”

हिरवी थाई करी आली. पहिल्याच घासाला सुनीता खुलली. “लई भारी हाय! आमटीत नारळाचं दूध, कोण म्हणलं असतं?”

तेवढ्यात दीर आत डोकावले. “वहिनी, आईला सांगून आलात का?”

सुनीतानं चमचा खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

सकाळी उठताच मी ठरवलं आणि थेट तिच्या सासूबाईंसमोर जाऊन बसले. म्हटलं, “काकू, रविवारी तुम्हीपण चला. बाहेरच्या टेबलावर बसू.”