भावकीबाहेरचे बारा

(उत्तर वेल्स, राणी एलिझाबेथचा काळ. शेरीफ इथेलच्या घरी, दुपारी.)

इथेल : मग इयोर्वर्थ? तो तरी गुटिनचा कुणी लागत नाही ना, आत्या?

मॉर्वित आत्या : लागतो की. पाच पिढ्यांमागे दोघांचा मूळपुरुष एकच.

इथेल : पाच पिढ्या! बरं, गिरणीवाला मेरिग?

आत्या : त्याची आई आणि गुटिनची आजी चुलत बहिणी. चीज खा रे थोडं, सकाळपासून उपाशी आहेस.

इथेल : चीज नको, मला माणसं हवीत! परगण्याचा शेरीफ मी, आणि उद्याच्या खटल्याला ज्यूरीचे बारा पंच मिळू नयेत?

आत्या : मागच्या खेपेला मिळाले होते की.

इथेल : ते पंच होते? सगळी भावकी! गुटिननं भरदिवसा घोडी पळवली, अख्ख्या गावानं पाहिली, आणि बारा जणांनी शपथेवर सांगितलं, निर्दोष! आता त्या विधवा अंगारदचे नांगराचे बैल नेले. तिचं शेत तसंच पडलंय. काल रस्त्यात भेटली, तर माझ्या बुटांवर थुंकली.

आत्या : तुझ्यावर? तू काय केलंस?

इथेल : काही नाही. म्हणूनच थुंकली.

आत्या : अरे, मग गुटिनलाच जाऊन समजाव. लहानपणापासून तुझं ऐकतो तो.

इथेल : गेलो होतो. म्हटलं, बाबा, बैल परत दे, मी मिटवतो. हसला! म्हणाला, "ते तर केव्हाच बाजारात गेले. आणि पंच कुठून आणशील? सगळे माझेच." पाठीवर थाप मारून वर दारू पाजली मला.

आत्या : द्वाड आहे मेला. पण चूक काय बोलला? नऊ पिढ्यांची नाती धरणारी माणसं आपण. त्याचा कुणी लागत नाही असा माणूस या डोंगरात सापडायचा नाही.

इथेल : डोंगरात नाही. तटाच्या आत आहेत.

आत्या : कोण, ते किल्ल्याखालचे इंग्रज? कातडीवाले, दुकानदार?

इथेल : तेच. कुणाचे कुणी नाहीत.

आत्या : अरे, त्यांना आपली भाषा येत नाही. अंगारद काय सांगते, गुटिन काय म्हणतो, काय कळणार त्यांना?

इथेल : दुभाष्या असतो.

आत्या : आणि गुरं चोरली की ते फासावरच देतात. जेवणाच्या आत निकाल लावून घरी जातील.

इथेल : माहीत आहे. इकडचे बारा बोलावले तर तो सुटणार, तिकडचे बोलावले तर मरणार. खरं-खोटं करायला मला बारा माणसं कुठंच मिळत नाहीत, आत्या! कशाला दिलंय मला हे पद?

आत्या : इथेल, तू माझ्या वहिनीचं, तुझ्या आईचं, दूध प्यायलास तसा तोही प्यायलाय. एका पाळण्यात वाढवलं तिनं तुम्हाला.

इथेल : म्हणून तर सगळे म्हणतात, शेरीफ दूधभावाला वाचवतोय.

आत्या : म्हणू देत.

इथेल : आणि अंगारदनं शेत कसं नांगरायचं?

आत्या : (ताट पुढे सरकवत) चीज तरी खा.

इथेल : तटाच्या आतले बोलावतोय मी. सांगावा गेलाय.

आत्या : गेला? मग मघापासून मला काय विचारत होतास?

इथेल : एखादा तरी सापडतो का, पाहत होतो.

आत्या : दुभाष्या तर पंचांसाठी; कोर्टात बाकी सगळं इंग्रजीत चालतं. गुटिनला त्यातलं काही कळत नाही. काय ठरलं ते त्याला कोण सांगणार?

इथेल : मी सांगेन. शेजारीच उभा असेन त्याच्या.