मरळीची पिलं काहून दिसत नाहीत?

भागरथाकाकू, डोमाजीबाबांची लेकरं-सुना, आणि सकाळपासून धानाची कामं सोडून आलेल्या गावकऱ्यांनो,

बाबांच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलंत, पण कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. लाखनीला कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते, रोज तासन्‌तास बोलते. आज अडखळले तर थोडं सांभाळून घ्या.

मी तुमच्या नात्यातली नाही. या गावात पहिल्यांदा आले तेव्हा मला कोणी ओळखतही नव्हतं. तलावातल्या माशांचा अभ्यास करायचा होता. दोन वर्षांचं काम. पाळीवर, तलावाच्या बांधावर, एक माणूस उभा होता, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तलावाचं तुडूम उघडून शेतांना पाणी सोडायचं काम त्यांच्याकडे होतं. ते डोमाजीबाबा. मी काय करणार ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोन सालात होते काय मॅडम, समदं पाहून?"

मी म्हटलं, "होतं ना बाबा."

होतं ना! किती सहज म्हणाले मी!

त्या दोन वर्षांत मी जाळ्यात येणारे मासे मोजले, पाण्यातलं गवत मोजलं. तलाव गाळानं उथळ झाला होता, हे तुम्हा सगळ्यांना आठवतं. मी लिहून दिलं, की गाळ काढा, काठाचं गवत काढा, तलाव खोल करा. ग्रामसभेत हात वर झाले. बाबांचाही हात वर होता. त्यांच्या धानालाही पाणी हवंच होतं.

मशीन आली, तलाव खोल झाला. पाणी वाढलं. रोहू-कटला चांगले पोसले. मरळही जाळ्यात येतच होती, चांगली हातभर लांब. मी पुन्हा वजनं केली, तलाव सुधारला असं लिहिलं, ते छापून आलं. तुम्ही मला शाल-श्रीफळ दिलंत. माझं काम संपलं. मी निघाले.

आणि बाबा फाट्यापर्यंत माझ्यासोबत चालत आले. कोंढ्याकडून येणाऱ्या बसची वाट पाहत आम्ही उभे होतो. ते म्हणाले, "मॅडम, एक गोष्ट मले समजून नाही राहिली. मोठी मरळ दिसते. पिलं काहून नाही दिसत?"

मी विचारलं, "कधीपासून?"

"गवत काढलं तवापासून. पावसाळ्यात पिलायचा लाल लाल थवा वर येते ना श्वास घ्याले? मी रोज पाळीवर असतो. औंदा एक नाही दिसला."

तोवर बस आली. मी म्हटलं, "दिसतील बाबा पुढच्या वर्षी." आणि बसमध्ये चढले.

घरी जाऊन मी वह्या काढल्या. दोन वर्षं मी मरळीचं वजन लिहिलं होतं. तिचं वय? कुठेच नाही. मरळ काही वर्षं जगते. काठाच्या गवतात ती घरटं करते, तिथंच अंडी घालते. गवत गेलं तरी म्हातारी मरळ आपली जगत राहते, जाळ्यात येत राहते, मोजणीत भरत राहते. मी जे मोजलं ते आधीच्या वर्षांचं होतं. आजच्या तलावाचं नव्हतंच! आणि हे पाळीवर उभ्या एका माणसाला दिसलं, मला दिसलं नाही. का? कारण तो निघून जाणार नव्हता.

मग मी दर पावसाळ्यात येऊ लागले. सुट्टी काढून, स्वतःच्या खर्चानं. आम्ही दोघं काठावरून थवे शोधायचो. एक वर्ष, दोन वर्षं. जाळ्यातली मरळ कमी होत गेली. एका वर्षी आलीच नाही.

त्यानंतरच्या ग्रामसभेत मी उभी राहिले आणि म्हटलं, माझं चुकलं. तुमच्यातले काही जण चिडले. बरोबरच होतं. बाबा मागून उठले आणि म्हणाले, "चुकलं नाही. अर्धंच पाह्यलं. आन हात त आपण समद्यायनं वर केला होता."

त्या दिवशी ठरलं ते तुम्हाला माहीत आहे. नाल्याचं पाणी येतं त्या बाजूचा काठ पुन्हा उथळ करायचा, तिथं गवत लावायचं. मासेमारांनी तिथं जाळं टाकायचं नाही. आणि उन्हाळ्यात तलाव पूर्ण उपसायचा नाही, एका खुणेच्या खाली पाणी सोडायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात कठीण होतं. पहिल्याच उन्हाळ्यात पाणी ठरल्या खुणेपर्यंत उतरलं. बाबांचं स्वतःचं उन्हाळी धान लोंबीवर आलं होतं. आणखी एक पाणी मिळालं असतं तर निभावलं असतं. त्यांनी तुडूम बंद केलं. अर्धं धान पोचट गेलं.

काकू, तुम्ही तेव्हा माझ्यासमोरच त्यांना म्हणालात, "लेकरायपेक्षा मरळीचीच फिकर हाय तुमाले!" बाबा संध्याकाळी मला हळूच म्हणाले, "तिचं खोटं नाही. पण माह्याच हातानं उघडलं त बाकीचे काहून थांबतील?"

मला वाटलं, इतकं केलं तर पुढच्या पावसाळ्यात मरळ येईल. नाही आली. त्याच्या पुढच्याही नाही. मी वैतागले. बाबांना मात्र नवल वाटायचं. गवत कुठून वाढतं, कोणते बगळे आधी येतात, पाणी कोणत्या बाजूनं आधी निवळतं, एकेक दाखवायचे. "पाहा त खरं, कसं कसं होऊन राहिलं!" थांबणं म्हणजे रिकामं बसणं नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले.

मागच्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. आवाज नीट ऐकू येत नव्हता. एवढंच कळलं, "या." मी आले. आजारामुळे त्यांना चालवत नव्हतं. मुलानं खुर्ची उचलून काठावर ठेवली. गवताच्या कडेला पाणी हललं. लाल लाल थवा वर आला, श्वास घेतला, खाली गेला. खाली सावलीसारखी मोठी मरळ होती. नाल्याच्या पुरात कुठूनशी आली असावी. मी रडत होते. बाबा मला विचारत होते, "मॅडम, हे पिलं आता अंडी कवा देतीन?"

मी म्हटलं, "दोनेक वर्षं लागतील बाबा."

"मंग तवा पाहा."

स्वतः पाहीन, असं ते म्हणाले नाहीत.

आता तलाव सुधारला का? मला माहीत नाही. एक थवा दिसला, एवढंच मी सांगू शकते. पुढचं पाहायला मी येत राहीन. पण माझीही निवृत्ती आहे, माझंही वय आहे. पाळीवर रोज कोण उभं राहील, ते तुम्ही ठरवायचं आहे.

आता आपण उभे राहू या. अशा वेळी दोन मिनिटं शांत राहतात. आज घड्याळ कोणी पाहू नका. भागरथाकाकूंना वाटेल तेव्हा त्या बसतील. त्या बसल्या, की आपण बसू.