शनीचं कडं

मुलगी : ...म्हणून सांगते, वरच्या बाजूला हात लावू नका. मुलामा नवा आहे. बोटाचा ठसा उमटला तर निघायचा नाही.

वडील : मला शिकवतेस? दुर्बिणीचा हा आरसा माझ्या हाताखालून गेलाय.

मुलगी : माहीत आहे. पिंपाभोवती फिरत फिरत काचेवर काच घासायचात. आई सांगते, सारा हिवाळा घरात नुसती खरखर.

आई : खरखर परवडली. मध्येच थांबून, चाचपून 'अजून नाही' म्हणायचे, त्यानं जीव जायचा. तू पाळण्यात, मला डोळ्याला डोळा नाही, आणि यांचं आपलं 'अजून नाही'.

वडील : तुझी झोप गेली, पण आरसा चुकला नाही.

आई : हो, या घरात तेवढा एकच चुकला नाही.

मुलगी : मुलामा देणारे तेच म्हणाले. जुना काळपट थर धुतला, तर आत काच लख्ख. एक चरा नाही.

वडील : मग त्यालाच देऊन टाकायचास.

मुलगी : बाबा.

वडील : काय चुकलं? दुर्बीण माळ्यावर सुखात पडली होती. नळीत झुरळांचा संसार, स्क्रू गंजलेले. तू सुट्ट्या घालवून सगळं घासूनपुसून काढलंस. कुणासाठी? डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तुझ्यासमोरच बोलल्या ना?

मुलगी : मधली नजर गेली म्हणाल्या. कडेची शाबूत आहे, असंही म्हणाल्या. आणि तुम्हीच मला शिकवलंत, अंधुक ताऱ्याकडे थेट बघायचं नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं.

वडील : ते ताऱ्याचं. कोपऱ्यातून काहीतरी आहे, एवढंच कळतं. कसं आहे, ते मधल्याच नजरेला कळतं. शनीचं कडं कोपऱ्यातून नाही दिसत.

मुलगी : एकदा बघून तर घ्या.

आई : बघा की हो. तेवढंच तिचं समाधान.

वडील : तिच्या समाधानाचीच धास्ती वाटते मला.

(दोन दिवसांनी, गच्चीवर. दिवेलागण झाली आहे.)

मुलगी : सावकाश. हे स्टूल. हात द्या इकडे. हं, हा आयपीस, इथे डोळा लावा.

वडील : वारा आहे. हलत असेल.

मुलगी : मघाशी शनी हलत होता, आता ठरलाय. कडं अगदी सुटं दिसतंय, बाबा. ग्रह आणि कडं यांच्यामध्ये काळी फट, तुम्ही सांगायचात तश्शी.

वडील : दोन्हीकडे सारखी?

मुलगी : दोन्हीकडे. तुम्हीच बघा ना.

वडील : बघतोय.

मुलगी : थेट नको. जरा वर बघा, नळीच्या काठाकडे.

वडील : वरच बघतोय.

मुलगी : आला?

वडील : थांब जरा.

मुलगी : सरकला असेल. पुन्हा मधोमध आणते. आता?

वडील : उजेड आहे.

मुलगी : पिवळसर?

वडील : रंग नाही सांगता येत. रस्त्यावरचा दिवा आहे म्हणालीस, तरी मी हो म्हणेन.

मुलगी : लांबट आहे की गोल?

वडील : तू लांबट म्हणालीस की लांबट वाटतो.

मुलगी : दुसरा डोळा लावून बघा.

वडील : लावला. तो तर आधीच गेलाय.

मुलगी : मग मोठा करते. दुसरा आयपीस आणलाय मी. आणि खालचा स्क्रू थोडा पिळला, तर...

वडील : राहू दे, पोरी. आरशात दोष नाही. उगाच पिळत बसू नकोस.

मुलगी : मला खरंच वाटलं होतं...

वडील : ठाऊक आहे मला. घासताना मलाही रोज वाटायचं, आज जमेल. पण तेव्हा हातात घासायला काच होती.

मुलगी : आई विचारेल. काय सांगू तिला?

वडील : आहे ते सांग. ती काही विचारणार नाही. ताटात वाटी कुठे ठेवलीय, ते ती मला कधीपासून सांगते. आशा काय ती तुलाच होती.

मुलगी : तुम्हाला अजिबात नव्हती?

वडील : जिना चढेपर्यंत होती.

मुलगी : ...चला, उतरू या?

वडील : आधी झाकण लाव. आरशावर दव बसेल.