मयताची कॉफी

एउलालियाच्या धाकट्या नातीच्या बाप्तिस्म्याचं ते वर्ष. मोंपोस गावच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या एउलालियाच्या कानांवर शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं पडलं.

"झोपेची गोळी मी दिली होती ना? मग तू परत कशाला दिलीस?"

"आईनं मागितली, ताई!"

"आणि आई उठेना म्हणून फेलिसा शेजारीण मयताची कॉफी, प्रेताशेजारी रात्र जागवणाऱ्यांना पाजतात ती, घेऊन इथवर आली!"

"पण त्या उताऱ्याच्या इंजेक्शननं गोळीला मेंदूतल्या जागेवरून हुसकलं. डोळे उघडून आई म्हणते, 'कॉफीचा वास येतोय, कोण मेलं गं?'"

"हसू नकोस. इंजेक्शनचा असर आधी ओसरतो, गोळीचा मागे उरतो. आई पुन्हा झोपेल, लक्ष ठेवा म्हणालेत डॉक्टर."

"झोपते कुठली! फेलिसाशी भांडतेय."

"कशावरून?"

"कॉफी पांचट केली म्हणून."

फेलिसा पुढच्या मार्चमध्ये वारली. तिच्या मयताची कॉफी या दोघींच्या आईनं उकळली, चांगली कडक.