सकाळचेच दोन पाहुणे

वॉर्डनबाई: ...नाही हो, हे डोंगरवाटेवरचं पुढच्या मुक्कामाचं वसतिगृह नाही. हे तेच आहे. सकाळी तुम्ही ज्याला टाटा करून गेलात ते.

जावई: सारखं वाटलं खरं. म्हटलं, सगळीकडे पडदे एकाच ठाणातले घेतले असतील.

वॉर्डनबाई: आणि मी?

सासरे: तुमची बहीण असेल असं वाटलं.

वॉर्डनबाई: वरती जेवायला टेकलात, उठलात आणि आल्या दिशेनं चालू पडलात. पानगळीत होतं असं, वाट दिसतच नाही. पण लोक तासाभरात जिभा चावत परत वळतात. अख्खी दुपार उलटं चालणारे तुम्ही पहिलेच.

जावई: बाबा पुढे होते. भूगोलाचे मास्तर आहेत.

सासरे: होतो. रिटायर झालो.

वॉर्डनबाई: बरं, ऐका. उद्या सकाळी हंगामातली शेवटची बस. ती गेली की मीही कुलूप लावून खाली जाणार. खिंड ओलांडलीत तर मग शेवटापर्यंत चालायचं, मधे गाडी नाही. बस की खिंड? ड्रायव्हरला कळवायचंय.

सासरे: खिंड.

जावई: ...खिंड.

वॉर्डनबाई: किती उत्साह! सूप गरम करते, तोवर विचार करा.

(वॉर्डनबाई स्वयंपाकघरात जातात. सासरे-जावई बाकावर.)

सासरे: जावईबापू, पुलापाशी तुम्ही थबकला होतात.

जावई: दम लागला होता.

सासरे: तुम्हाला कळलं होतं.

जावई: सकाळी तुम्ही तिथे बसून सफरचंद खाल्लंत. त्याचा गाभा तिथेच पडला होता. मुंग्या ओळखीचं हसल्या.

सासरे: मग बोलला का नाहीत?

जावई: तुम्हाला? ऊन पाठीवर आलं तेव्हाच शंका आली होती. पण सूर्य कुठे असतो हे तुम्हाला मी सांगायचं? मुलगी मागायला आलो तर तुम्ही मला नद्या विचारल्या होत्या.

सासरे: एक तुम्ही समुद्रातून डोंगरात नेलीत.

जावई: तरी मुलगी दिलीत.

सासरे: तिनं परस्पर ठरवलं होतं.

जावई: मी तिला सकाळी पुलाचा फोटो पाठवला. संध्याकाळी तोच, या बाजूनं. म्हणाली, हा पूल जास्त छान आहे.

सासरे: डॉक्टरांनी उठू दिलं असतं तर तीच आली असती. पोटुशी आहे म्हणून तुम्हाला पाठवलं. तुम्हाला तर जिना चढायचाही कंटाळा.

जावई: लिफ्ट आहे आमच्याकडे. पण तुम्हाला कधी कळलं, बाबा?

सासरे: जेवून उठलो तेव्हाच.

जावई: काय?

सासरे: समोर चढ दिसला. पाय आपले आपण उताराला लागले. मी त्यांना अडवलं नाही.

जावई: आणि मी मागे! अहो, एक शब्द टाकायचा होतात.

सासरे: काय टाकू? ती एवढीशी होती तेव्हापासून आम्ही दोघं ही वाट नकाशावर बोटानं चालतोय. आता घरी जाऊन म्हणू, बोटानं जमायचं ते पायांनी जमलं नाही?

जावई: ती म्हणेल, बरं झालं लवकर आलात. तुम्ही आधी बूट काढा, पाय मोकळे होतील.

सासरे: काढतो. तुम्ही व्हा पुढे.

जावई: वाकता येत नाहीये का?

सासरे: मला येतं. गुडघा सोबत येत नाही.

जावई: कधीपासून?

सासरे: परवापासून बुटांसकट झोपतोय.

जावई: मला वाटलं, थंडीमुळे! द्या पाय इकडे.

सासरे: छे छे! जावयानं सासऱ्याचे बूट काढायचे? लोक काय म्हणतील?

जावई: लोक कुठेयत? अख्खी दुपार एकमेकांचा मान राखत उलटे चाललो, बाबा. अजून राखला तर समुद्रात जाऊ.

वॉर्डनबाई: (आतून) ड्रायव्हर फोनवर आहे हो! बस की खिंड?

जावई: तुम्ही सांगा.

सासरे: तुम्हीच सांगा की.

जावई: नाही, बाबा. वाट तुमची आहे. तुम्ही म्हणाल तर मी उद्या खिंडही चढतो. रडत चढेन, पण चढेन.

सासरे: ...बस म्हणा, बाई. दोन जागा.

वॉर्डनबाई: (आतून) ऐकू नाही आलं!

सासरे: बस! बस म्हटलं!

जावई: कुठला आधी?

सासरे: डावा. हळू ओढ रे.