अकरा प्रश्न कोरे

हॅलो?… हॅलो, कोण? दीपा? अगं किती वेळ! चार मिस्ड कॉल दिले तुला. हिंगोलीला काय रेंज नाही की काय?… हो, हो… अगं ऐक ना. आधी बस खाली. बसलीस?… नाही गं, सगळे धडधाकट आहेत. दीक्षाला बोलावलंय! त्या मोठ्या वकिलांच्या ऑफिसनं! आज चार वाजताच!

तेच ते गं, मागच्या खेपेला सांगितलं नव्हतं का… मुंबईत ऑफिस, दिल्लीत ऑफिस, आणि आता इथं पुण्यात. उन्हाळ्यात कॉलेजची मुलं घेतात शिकायला. किती? दोन! आणि अर्ज साडेतीनशे… इंटर्नशिप म्हणतात त्याला. पण एकदा तिथं शिरकाव झाला की पुढं नोकरीला तेच बोलावतात. नाहीतर काळा कोट घालून कोर्टाच्या दारात टेबल टाकून बसा.

वशिला? आपला?… आपल्यात वकील कोण झालंय, सांग बरं… हां, तेच. तिच्या वर्गात एकाचे आजोबा न्यायमूर्ती, एकीचे मामा तर अशाच कुठल्या ऑफिसात भागीदार. आमच्या पोरीनं बावीस ठिकाणी अर्ज धाडले. कोथरूडच्या त्या सायबर कॅफेत बसून, एकेक. साधं 'नाही' म्हणायलासुद्धा कुणाला सवड झाली नाही. आणि खालच्या आनंदीबाई मला जिन्यात गाठून काय म्हणाल्या, ठाऊक आहे? 'वकिली का? छान. घरात कुणी आहे त्यात? नाही? मग छंद म्हणून बरं आहे.'… गप्प बसते का मी! म्हटलं, 'हो ना, तुमच्या चिरंजीवांचा इंजिनिअरिंगचा छंद सहा वर्षं चाललाय, तसाच.'… हसू नकोस. पुण्यात राहून एवढं तरी शिकायला नको?

हां, तर या बाविसातल्या एकानं परीक्षेला बोलावलं. मागच्या शनिवारी. तीस मुलं, तीन तास, आणि प्रत्येकाच्या हातात ही एवढी फाईल. कुठलीतरी कंपनी हडपसरकडं आयटी पार्कसाठी जमीन घेतेय, त्याचा करार. तो वाचायचा आणि बारा प्रश्नांची उत्तरं लिहायची. सगळं इंग्रजीतून… अगं, इंग्रजीची अडचण नाही तिला! अडचण वेगळीच झाली. बाईसाहेबांनी एकच प्रश्न सोडवला.

एक. बारापैकी एक… तेच म्हणते मी! अकरा कोरे! आणि कोरे ठेवले ते ठेवले, शिवाय खाली लिहून आली, 'पुढील प्रश्न उद्भवत नाहीत.'… हो, तसंच! साडेतीनशेतून निवडून बोलावलं, आणि ही त्यांनाच सांगतेय तुमचे प्रश्न उद्भवत नाहीत!

अगं, कारण आहे ना त्याला. ऐकशील तर. फाईलच्या अगदी शेवटी एक मराठी पान जोडलेलं होतं, सातबाऱ्याचं. हातानं लिहिलेला, जुना. बाकीच्यांनी उलटूनसुद्धा पाहिलं नाही. हिनं काय केलं, सगळा करार सोडून पहिल्यांदा तेच पान काढलं… मग कुणाची सवय? आपल्या तात्यांचीच! तुला आठवतंय ना, ओढ्याकाठची आपली वतनाची जमीन त्या माणसानं अंगठा घेऊन लाटली… हो, आणि मग अकरा वर्षं तहसीलच्या पायऱ्या. त्या पायऱ्यांवर बसूनच वाचायला शिकले ना आपले वडील, पन्नाशीत! आणि नंतर मे महिन्यात नातवंडं आली की गोष्ट नाही, गाणं नाही, सातबारा वाचून दाखवा. दीक्षा किती रडायची, 'आई, आजोबा परत सातबारा वाचायला लावतात'… हो गं, बिस्किटाचा पुडा मिळायचा शेवटी, म्हणून बसायची.

तर ते म्हणायचे ना, आधी नावं वाचू नका, आधी 'इतर हक्क' वाचा. तसंच केलं हिनं. त्या रकान्यात तलाठ्यानं मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं. वतनाची जमीन, नवीन शर्त. म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकताच येत नाही!… आणि परवानगीचा कागद फाईलीत नाहीच. झालं. जी जमीन विकता येत नाही, तिच्या करारावर बारा प्रश्न कसले सोडवायचे? म्हणून तीन तास तेवढं एकच लिहीत बसली.

नाही ना! तिथं होती खात्री. बाहेर आली आणि त्या खात्रीचं पाणी पाणी झालं. सगळी मुलं आपापली उत्तरं ताडून बघताहेत, हे कलम, ते कलम. हिनं सातबाऱ्याचं विचारलं, तर तो न्यायमूर्तींचा नातू म्हणतो, 'ते मराठी पान? ते नुसतं जोडलेलं होतं गं.'… घरी येऊन दार लावून घेतलं. दोन दिवस जेवली नाही धड. 'आई, मी गाढव आहे, एवढी एक संधी आली आणि मी शहाणपणा करून घालवली.' माझा तर जीव तुटत होता, दीपा. पण मला त्यातलं काय कळतंय? मी नुसती ताट घेऊन दाराबाहेर उभी.

आणि आज अकराला फोन! 'चारला या, सरांना तुमच्या पेपरविषयी बोलायचंय.' बास, एवढंच… रागवायला? रागवायला कुणी बोलावतं का गं, तुझं आपलं काहीतरीच! ह्यांचे ऑफिसातून तीन फोन येऊन गेले, आली का, आली का. आता साडेसहा वाजले. माझा कुकर दोनदा लावून झाला, एकदा तर बिनपाण्याचा…

थांब, थांब… बेल वाजली. धर हां फोन, ठेवू नकोस… दीक्षा! काय झालं? अगं चप्पल राहू दे, आधी सांग!… मावशी आहे फोनवर, बोल, तिलाही सांगते… काय?… परत म्हण!… अगं बाई! अगं माझे आई!

दीपा! घेतलं! घेतलं गं तिला! एक मेपासून!… हो, रडतेच आहे मी, तुला काय करायचंय! थांब, ती सांगतेय तसं सांगते. मोठे सर होते आणि एक बाई होत्या. टेबलावर हिचा पेपर. पहिलाच प्रश्न, 'हे पान तुम्हाला वाचता कसं आलं?' ही म्हणाली, आजोबांनी शिकवलं. 'आजोबा वकील आहेत?' म्हणाली, नाही सर, त्यांची जमीन गेली होती… हो! अशीच म्हणाली, तोंडावर!

मग काय, सरांनी पेपर त्या बाईंपुढं सरकवला म्हणे. आणि मग त्या बाई म्हणाल्या, ही फाईल खरी आहे. नावं खोडून परीक्षेला ठेवलेली, पण व्यवहार खरा. येत्या सोमवारी सह्या व्हायच्या होत्या!… अगं त्यांच्याच ऑफिसातनं! सहा जणांच्या हाताखालून गेली होती फाईल. सातबाऱ्याचं इंग्रजी करणाऱ्याला ते बारीक अक्षर लागलं नाही, म्हणून त्यानं ती ओळच गाळली. आणि साहेबलोकांनी वाचलं फक्त इंग्रजी… हो ना! हिचा पेपर तपासताना मूळ पान उघडलं, तेव्हा कळलं. तीस मुलांची परीक्षा घ्यायला निघाले आणि नापास स्वतःच झाले!

काय गं दीक्षा?… हो, हेही सांगते. दीपा, मोठे सर म्हणाले, पहिल्या आठवड्यात आमच्या पोरांना सातबारा वाचायला तुम्ही शिकवायचं!

कुणाला देतेस? तात्यांना? दे, दे लवकर!… तात्या? जय भीम तात्या! मी हिरा!… हिरा! दीक्षाला घेतलं तात्या, वकिलांच्या ऑफिसात!… घेतलं! निवड झाली!… हो, मोठं ऑफिस आहे… नाही, पगाराचं नंतर… काय?… काय म्हणालात?… दीक्षा, टीव्ही बंद कर तो, ऐकू येत नाही मला… हां तात्या, बोला.

जमीन?… कुणाची ते नाही माहीत तात्या, नावं खोडलेली होती… नाही, नाही, विकली नाही!… नाही गेली! सोमवारच्या सह्या रद्द केल्या त्यांनी. जमीन आहे तिथंच आहे, ज्यांची त्यांच्याच नावावर… हो, कागद बघूनच सांगतेय ती… हो तात्या, तिनंच. तुमच्या दीक्षानं थांबवली… तात्या, रडू नका हो… हॅलो?… हॅलो?

गेला वाटतं फोन. दीक्षा, इकडं ये. तूच लाव परत… अगं तोंड काय धुतेस, आहे तशी ये! 'इतर हक्का'त काय लिहिलं होतं, ते तुझ्या तोंडून वाचून दाखव त्यांना.